मोठ्या अपघातानंतरचं पुनर्वसन : नाशिकच्या कुटुंबांनी काय, कधी आणि कुठे करायचं

ऑपरेशन झालं, टाके निघाले, डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं. घरी आणल्यावर चार दिवसांत कंबरेखाली लाल चट्टा दिसतो, लघवीची नळी कधी बदलायची ते कुणालाच ठाऊक नसतं आणि पेशंटचं पाऊल घोट्यातून खाली लोंबायला लागलेलं असतं. मुंबई-आग्रा महामार्गावरचा अपघात असो, सातपूर-अंबडच्या कारखान्यातला पॉवर प्रेस असो, निफाडकडे उलटलेला ट्रॅक्टर असो की गच्चीवरून पडणं असो, पुढची गत बऱ्याच घरांत हीच होते. जीव वाचवायला १०८ धावत येते. पुनर्वसन मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि ते कुठल्या शब्दांत मागायचं हेच नव्या माणसाला माहीत नसतं. मणक्याला किंवा डोक्याला मार, हात-पाय गमावणं, एकाच वेळी अनेक हाडं मोडणं, अशा इजांसाठी हा लेख लिहिला आहे.

दाखल असतानाच सुरुवात करा

पेशंट आयसीयूत असला तरी फिजिओथेरपी सुरू होऊ शकते आणि व्हायला हवी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या राउंडला थांबा आणि असंच विचारा: "फिजिओथेरपीचा रेफरन्स केसपेपरवर लिहून देता का? कोणते सांधे हलवायचे आणि कोणते हलवायचे नाहीत?" तोंडी "हो, करू" एवढ्यावर समाधान मानू नका. लिहिलेला रेफरन्स असेल तर शिफ्ट बदलली तरी काम थांबत नाही.

या दिवसांत तीन गोष्टी बिघडतात आणि तिन्ही टाळता येतात. पहिली छाती. झोपून झोपून कफ साठतो, न्यूमोनिया होतो. दुसरी सांधे. घोटा, गुडघा, कोपर, खांदा हलवला नाही तर दोन-तीन आठवड्यांत आखडायला लागतो, आणि आखडलेला सांधा मोकळा करायला पुढे महिने जातात. तिसरी त्वचा. जिथे हाड कातडीच्या जवळ असतं तिथे, म्हणजे माकडहाडावर, टाचांवर, कमरेच्या बाजूंना आणि डोक्याच्या मागे, सततच्या दाबाने रक्त पोचत नाही आणि बेडसोर होतो.

बेडसोरसाठी दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. मणक्याला इजा असेल तर हे एकट्याने कधीच करू नका. डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी ओंडक्यासारखं एकदम वळवायचं असतं. सिस्टरकडून एकदा बघून शिकून घ्या. लाल चट्टा दिसला की बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. लालच राहिला तर ती बेडसोरची सुरुवात समजा आणि चट्टा जाईपर्यंत त्या बाजूवर अजिबात झोपवू नका. मध्ये भोक असलेली हवेची रिंग वापरू नका. ती कडेने दाब देते आणि मधल्या भागाचं रक्त आणखी तोडते. आळीपाळीने फुगणारी एअर बेडची गादी उपयोगी आहे, पण ती आली म्हणून कूस बदलणं थांबवता येत नाही. टाचांखाली उशी ठेवायची नाही. पोटरीखाली ठेवायची, म्हणजे टाच अधांतरी राहते.

त्याच आठवड्यात घरातल्या एकाने पैशाच्या बाजूला लागावं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आयुष्मान भारतसोबत चालते आणि तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही चालतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. आधार आणि रेशनकार्ड घेऊन दाखल झाल्या दिवशीच तिथे जा. योजना कॅशलेस आहे, मंजुरी पेशंट दाखल असतानाच घ्यावी लागते. आधी बिल भरून नंतर परतावा मागणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. शंका असेल तर १५५३८८ वर फोन करा.

रस्ते अपघात असेल तर केंद्र सरकारच्या मे २०२५ मध्ये लागू झालेल्या कॅशलेस योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत मिळतात. त्यासाठी अपघाताची नोंद पोलिसांकडे झालेली असणं गरजेचं आहे, म्हणून एमएलसी, म्हणजे रुग्णालयाने पोलीस केस म्हणून केलेली नोंद, झाली का ते पहिल्याच दिवशी विचारा आणि नंबर वहीत लिहून ठेवा.

डिस्चार्जच्या आधीची फाइल

पुढच्या प्रत्येक दारात, फिजिओपासून न्यायालयापर्यंत, हीच फाइल मागितली जाते. गडबडीत दोन पानांचं डिस्चार्ज कार्ड घेऊन निघालेली माणसं सहा महिन्यांनी रेकॉर्ड रूमच्या खिडकीपाशी उभी दिसतात. घरी न्यायच्या दोन दिवस आधीच मागून घ्या: सविस्तर डिस्चार्ज समरी, ऑपरेशनची नोट, आत घातलेल्या रॉड-प्लेटच्या पाकिटावरचे स्टिकर, एक्स-रे आणि सीटी-एमआरआयच्या सीडी, एमएलसीची प्रत, सगळी मूळ बिलं. एफआयआरची प्रत पोलीस ठाण्यातून घ्या. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

समरीत चार वाक्यं आहेत का ते बघा. नसतील तर लिहून मागा. पायावर किती भार द्यायचा: अजिबात नाही, टेकवण्यापुरता, अर्धा की पूर्ण, आणि किती आठवडे. पट्टा किंवा कॉलर कधी घालायचा आणि झोपताना काढायचा का. नळी किंवा गळ्यातली ट्यूब असेल तर ती कधी आणि कुणी बदलायची. पुन्हा कधी दाखवायचं. यातलं भाराचं वाक्य सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. मग एक फिजिओ "उभं करू नका" म्हणतो, दुसरा चालवायला निघतो आणि पेशंट आठ आठवडे पलंगावर पडून राहतो. अर्धा भार म्हणजे किती, हे घरच्या वजनकाट्यावर शिकता येतं. पाय काट्यावर ठेवायचा आणि ठरलेला किलोचा आकडा दिसेपर्यंतच दाबायचं. आठवडाभरात पायाला अंदाज येतो.

निघण्यापूर्वी घरातल्या दोघांनी, एकाने नाही, पलंगावरून खुर्चीत घेणं, नळीची स्वच्छता आणि जखमेचं ड्रेसिंग वॉर्डमध्येच स्वतःच्या हाताने एकदा करून बघावं. नुसतं बघून शिकल्यासारखं वाटतं, पण हात तेव्हाच शिकतो.

कुठे जायचं

शासकीय बाजूला त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हा पहिला टप्पा. फिजिओथेरपी तिथे मिळते आणि दिव्यांगत्वाचा दाखलाही तिथलंच बोर्ड देतं, त्यामुळे पेशंटचा तिथला केसपेपर आधीपासून असलेला बरा. महापालिकेची रुग्णालयं कथड्याचं डॉ. झाकिर हुसेन आणि नाशिकरोडचं बिटको. घर जवळ असेल तर रोजच्या व्यायामासाठी चौकशी करा. आडगावला मराठा विद्या प्रसारक (मविप्र) संस्थेच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, इगतपुरी तालुक्यात धामणगावला एसएमबीटी. कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयांत एकाच आवारात अस्थिरोग, मेंदूविकार, मूत्ररोग आणि फिजिओथेरपी भेटतात. गुंतागुंतीच्या इजेला हे फार सोयीचं पडतं. कारखान्यातला विमाधारक कामगार असेल तर सातपूरचं राज्य कामगार विमा रुग्णालय.

मणक्याची पूर्ण इजा (म्हणजे इजेच्या खाली हालचाल आणि संवेदना अजिबात नाही) किंवा मांडीतून वर कापलेला पाय असेल तर एकदा मुंबईला जाऊन या असं आम्ही आग्रहाने सांगतो. हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था केंद्र सरकारची आहे आणि ती १९५५ पासून हेच काम करते. पुनर्वसनाचे डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे), कृत्रिम अवयवांचं वर्कशॉप आणि समाजसेवक तिथे एका छताखाली आहेत. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस दादरला थांबते, तिथून टॅक्सी. नव्या केसपेपरसाठी ओपीडीला सकाळीच पोचावं लागतं, म्हणून आदल्या रात्री मुक्काम केलेला बरा. वर सांगितलेली फाइल सोबत हवीच. दाखल करून घेणार का, हे आधी फोनवर विचारा, नाहीतर पेशंटला पाच-सहा तासांचा प्रवास फुकट घडतो.

सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या घरांना रोज नाशिकला येणं शक्य नसतं. तिथे दर दिवशीच्या सेशनचा हट्ट धरू नका. पंधरा दिवसांतून एकदा या, थेरपिस्टला तुमच्याच फोनवर व्यायामाचा व्हिडिओ करू द्या, कोणता व्यायाम किती वेळा ते लिहून घ्या आणि घरी रोज दोनदा करा. महिन्याला दोनदा येणारं आणि घरी नेमाने करणारं घर, रोज येऊन घरी काहीच न करणाऱ्याच्या पुढे जातं.

फिजिओथेरपिस्ट निवडताना एक खूण लक्षात ठेवा. पूर्ण वेळ शेक आणि करंट चालू असेल, पेशंट स्वतः काहीच हालचाल करत नसेल, तर प्रश्न विचारा. यंत्रं दुखण्याला मदत करतात. ताकद आणि तोल फक्त करून येतो. सुरुवातीलाच विचारा, "पुढच्या चार आठवड्यांत काय करता यायला हवं?" उत्तर "आधाराशिवाय पाच मिनिटं बसणं" असं ठोस असायला हवं.

मणक्याची इजा

इथे थोडं थांबून सांगावं लागेल, कारण पाय चालत नाहीत याकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि माणूस आजारी पडतो तो लघवी आणि त्वचेमुळे.

लघवी. कायमची नळी ठेवली तर जंतुसंसर्ग आणि खडे होण्याची भीती राहते. हात चालत असतील तर दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढून टाकायची पद्धत जास्त सुरक्षित आहे. युरॉलॉजिस्ट किंवा पुनर्वसनाच्या डॉक्टरांकडून ती शिकून घ्या. एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. मापाच्या भांड्यात मोजून तीन दिवस वहीत लिहा, म्हणजे तुमची वेळ ठरते. दिवसभरात पाणी साधारण दीड ते दोन लिटर, थोडं थोडं करून. लघवी होते म्हणून पाणीच बंद करणारे पेशंट असतात. त्यांना खडे होतात. कायमची नळी ठेवावीच लागली तर साधी रबरी नळी साधारण दोन ते चार आठवड्यांत बदलायची आणि पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीला टांगायची. खुर्चीत बसवताना पिशवी मांडीवर ठेवली की लघवी उलटी जाते. थंडी वाजून ताप, गढूळ आणि वासाची लघवी, अचानक वाढलेला आखडेपणा दिसला तर त्याच दिवशी तपासा. वर्षातून एकदा मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या, काही त्रास नसला तरी.

शौच. रोज किंवा एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी, जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी, कारण जेवल्यावर आतडं आपणहून हलतं. शक्य असेल तर कमोडच्या खुर्चीवर बसवून. पहिले काही आठवडे वेळ बसत नाही, गोंधळ होतो. रोज वेळ बदलू नका.

त्वचा. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा ते तीस मिनिटांनी दाब काढायचा. हातांवर जोर देऊन उचलायचं किंवा पुढे वाकून छाती मांडीकडे न्यायची, आणि एक-दोन मिनिटं तसंच राहायचं. रोज रात्री आरसा धरून किंवा मोबाइलवर फोटो काढून माकडहाड आणि बसण्याची हाडं बघायची. बधिर भागाला गरम पाण्याची पिशवी कधीही लावू नका. पेशंटला चटका कळत नाही आणि भाजलेली जखम महिनोन् महिने भरत नाही. हिवाळ्यात शेकोटीजवळ पाय पसरून बसवणं, उन्हात तापलेल्या गाडीच्या सीटवर बसवणं, यांनीही तेच होतं.

एक धोका घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा. इजा छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक ठणकणारं डोकं, चेहऱ्याला घाम, अंगावर काटा असं दिसलं, तर रक्तदाब एकदम चढलेला असू शकतो. अशा पेशंटचा नेहमीचा दाब ९०-१०० असतो, म्हणून १४० हासुद्धा त्यांच्यासाठी जास्त आहे. आधी उठवून बसवा, झोपवू नका. पट्टा, बेल्ट, कपडे सैल करा. नळी मुरडली आहे का, पिशवी भरली आहे का बघा. नळी नसेल तर लघवी काढा. तरी उतरलं नाही तर लगेच रुग्णालय, आणि दारातच सांगा की मणक्याची वरची इजा आहे. एका पायाची पोटरी अचानक सुजली आणि गरम लागली तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. मालिश न करता डॉक्टरांना दाखवा.

मणक्यासाठी स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या, जाहिराती तुमच्यापर्यंत येतीलच. भारतात या इजेसाठी तो मान्य उपचार नाही. मान्यता असलेल्या संशोधनात पेशंटकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे लाखांची पावती मागणारा कुणीही असो, दागिने मोडू नका. ते पैसे नीट मापाची व्हीलचेअर, गादी आणि वर्षभराच्या नळ्यांना लागणार आहेत.

व्हीलचेअर माप घेऊनच घ्यावी. सीटची रुंदी कमरेच्या रुंदीपेक्षा एक ते दोन इंच जास्त, खोली गुडघ्यामागे साधारण दोन इंच जागा उरेल इतकी. मोठी खुर्ची "आरामशीर" म्हणून घेतली तर माणूस एका बाजूला कलतो, त्याच बाजूला जखम होते आणि कालांतराने कणा वाकतो. गादीशिवाय खुर्चीत बसवायचं नाही.

पाय किंवा हात गमावल्यावर

कृत्रिम पाय कसा बसेल हे बसवण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत ठरतं. उरलेल्या भागाला आकार यावा म्हणून इलॅस्टिक क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं बांधायचं. गुडघ्याखाली कापलेलं असेल तर चार इंची, वर असेल तर सहा इंची. टोकाकडे घट्ट, वर जाताना सैल. उलटं झालं तर टोक फुगून गोळ्यासारखं होतं. दिवसातून तीन-चारदा सोडून पुन्हा बांधा.

गुडघ्याखाली उशी ठेवून झोपवणं ही सगळ्यात महाग चूक. वाटतं आराम, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग पाय बसवता येत नाही. उलट रोज दोन-तीनदा वीस मिनिटं पालथं झोपवा. जखम भरून सूज ओसरली की साधारण दोन ते तीन महिन्यांत पहिला पाय बसवता येतो. मधुमेह असेल तर जास्त वेळ लागतो. पहिल्या वर्षात मांस आटत राहतं आणि सॉकेट, म्हणजे उरलेला भाग ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा भाग, सैल होतं. मोज्यांचे थर वाढवून काही दिवस चालतं, मग सॉकेट बदलावंच लागतं. पाय टोचतो म्हणून तो कपाटात ठेवून देणाऱ्यांपैकी बहुतेकांना सॉकेटची दुरुस्ती हवी असते. पाय देणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा की दुरुस्ती कुठे आणि किती दिवसांत होईल. शिबिरात मिळालेल्या पायाबाबत हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा.

नसलेल्या पायात दुखणं खरं असतं. "मनाचे खेळ" म्हणू नका. त्यावर औषधं आहेत, आरशासमोर करायचे व्यायाम आहेत.

डोक्याला मार

इथे शरीर चालतं, माणूस बदललेला असतो. चिडतो, शिव्या देतो, तोच प्रश्न दहादा विचारतो, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. हा मेंदूच्या इजेचा भाग आहे. भेटायला येणाऱ्यांची रीघ सगळ्यात आधी थांबवा. पंधरा माणसांच्या गलक्यात असा मेंदू पुरता थकतो. एका वेळी एकानेच बोलायचं, एकच सूचना द्यायची, टीव्ही बंद ठेवायचा. दिवसाचं वेळापत्रक भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा पिऊन झाल्यावर आवाज ओलसर, घरघरता येत असेल तर अन्न श्वासनलिकेत जातंय. स्पीच थेरपिस्ट गिळण्याची तपासणीसुद्धा करतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. तोवर सरळ बसवूनच भरवा आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. फिटची औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत. दारू पूर्ण बंद. कवटीचा तुकडा काढून पोटात ठेवला असेल तर डोक्याच्या त्या बाजूवर झोपवू नका आणि तो परत कधी बसवणार ती तारीख लिहून घ्या. काही आठवड्यांनी पुन्हा गुंगी, उलट्या, वाढती डोकेदुखी आली तर वाट बघू नका. वयस्कांमध्ये रक्त हळूहळू साठत जातं आणि महिन्यानेही दिसू शकतं.

हाताच्या इजेबद्दल थोडक्यात: शिवलेल्या शिरांना, म्हणजे टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला), पहिले सहा आठवडे जोर लावायचा नाही, पण स्प्लिंटमध्ये (हाताला आधार देणाऱ्या पट्टीत) ठरवून दिलेली हालचाल पहिल्या आठवड्यापासून लागते. न हलवता ठेवलेला हात चिकटतो. जड काम साधारण बारा आठवड्यांनी. आणि मोडलेल्या कोपराला जोरात मालिश करून "मोकळं" करणाऱ्यापासून दूर राहा. त्याने स्नायूत हाड तयार होऊन सांधा कायमचा अडकू शकतो.

घर

रॅम्पचं गणित सोपं आहे. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचाच्या पायरीला सहा फूट. जागा नाही म्हणून तीन फुटांचा केला तर माणूस मागे कोलमडतो. दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच हवी, तीन फूट असली तर उत्तम. सिडकोच्या जुन्या घरांत न्हाणीघराचं दार हमखास अडतं. तिथे चौकट पाडण्याआधी दार काढून पडदा लावून बघा, दीड-दोन इंच तेवढ्यानेच मिळतात. उंबरठा काढता येत नसेल तर दोन्ही बाजूंनी लाकडी उतार करून घ्या. पलंगाची उंची व्हीलचेअरच्या सीटएवढी करा. पायांखाली ठोकळे दिले तरी पुरतं.

कागद आणि मुदती

मुदत चुकली की हक्क असूनही पैसे मिळत नाहीत, म्हणून आधी घड्याळ सांगतो.

तीस दिवस: सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या घरातली एक व्यक्ती असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख, दोन गेल्यास २ लाख. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही आहे, तिच्यातही जवळपास याच रकमा. पासबुक तपासा आणि तीस दिवसांतच बँकेला कळवा.

सहा महिने: मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात ही मुदत आली आहे, ती धरूनच चाला. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दाव्यात पुढच्या काळातली बदली सॉकेटं, नळ्या, सांभाळणाऱ्याचा खर्च लिहायला सांगा आणि पेशंटचा धंदा नेमका काय होता ते सिद्ध करा. दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईची हानी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. गवंड्याचा पाय गेला तर त्याचं अख्खं काम जातं. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तर गंभीर इजेला ५० हजार रुपये मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे.

कामावरच्या अपघाताची नोंद मालकाकडून लगेच करून घ्या. राज्य कामगार विमा असेल तर कामावर येता-जातानाचा अपघातही धरला जातो, आणि काम बंद असेपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात.

दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. रुग्णालय म्हणून सिव्हिल निवडायचं आणि अस्थिव्यंगाच्या बोर्डाचा वार विचारून मूळ कागदांसह जायचं. अवयव कापला असेल तर जखम भरली की अर्ज करा. मणक्याच्या इजेत साधारण सहा महिने थांबायला सांगतात, कारण तोवर सुधारणा होत असते. सुधारणा शक्य असेल तर तात्पुरता दाखला मिळतो. त्यावरची शेवटची तारीख पाहून दोन महिने आधी पुन्हा अर्ज करा. ४० टक्क्यांपासून बहुतेक सवलती सुरू होतात: एसटीत ७५ टक्के सूट, ६५ टक्क्यांच्या वर सोबत्यालाही ५० टक्के. रेल्वेसाठी डॉक्टरांचा वेगळा नमुना भरून रेल्वेचं स्वतःचं कार्ड काढावं लागतं. तहसीलमधून संजय गांधी निराधार योजना. दिव्यांगांची महिन्याची रक्कम २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाली. शिवाय ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि महापालिका या सगळ्यांना आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर २०१६ च्या कायद्याने नोकरीवरून काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. राजीनाम्यावर घाईत सही करू नका.

सांभाळणारी व्यक्ती

ती बहुतेक वेळा बायको किंवा आई असते, आणि चार-सहा महिन्यांत तिची कंबर जाते. उचलताना कमरेत वाकू नये, गुडघ्यात वाकावं. पलंग-खुर्चीमध्ये सरकवायला गुळगुळीत फळी करून घ्यावी. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची पाळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावीच. पेशंट जेवण टाकत असेल, "मला कशाला वाचवलं" असं म्हणत असेल, तर ते कानाआड करू नका. टेलिमानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे. तो नंबर सांभाळणाऱ्या बाईच्या फोनमध्येही सेव्ह करून द्या.